अंडाशयाची ऊती जपून ठेवणे व तिचे पुनर्रोपण : शरीअतचा दृष्टिकोन

गंभीर आजाराचे निदान झालेल्या मुलीचे आईवडील मशिदीत येतात ते बहुधा दुआसाठी. अलीकडे त्या विनंतीला एक प्रश्नही जोडलेला असतो. किमोथेरपीने मुलीचा जीव वाचण्याची आशा आहे, परंतु त्याच औषधाने तिचे अंडाशय कायमचे निकामी होऊ शकतात, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी अंडाशयाचा काही भाग काढून गोठवून ठेवावा आणि ती बरी झाल्यावर तो तिच्याच शरीरात पुन्हा बसवावा, असा एक मार्ग सुचविला जातो. मुलगी अविवाहित असते, कित्येकदा वयातही आलेली नसते. पालक विचारतात, 'हे जायज आहे काय?'

या निर्णयासाठी हाती जेमतेम काही दिवस असतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कित्येक घरांतील वडील कुवैत, दोहा किंवा दुबईला नोकरीस असतात. आई मुलीला घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयात बसलेली असते आणि सल्लामसलत फोनवर होते. अशा घाईत 'यात काही तरी गैर असेल' या शंकेने नकार दिला जातो, किंवा विचारायचेच राहून जाते. एकदा उपचार सुरू झाला की ही वाट अरुंद होत जाते. म्हणून या मसल्याची माहिती गरज पडण्यापूर्वीच जमातीतील जाणत्या माणसांना असली पाहिजे.

प्रश्नाचे वैद्यकीय स्वरूप

हुकूम सांगण्यापूर्वी वस्तुस्थितीचे यथार्थ ज्ञान हवे, ही फुकहांची जुनी शिस्त आहे. स्त्रीच्या बीजांचा साठा अल्लाहने तिच्या जन्माबरोबरच तिला दिलेला असतो. जन्माच्या वेळी सुमारे दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. ती वयात येते तेव्हा तीन ते चार लाख उरतात, आणि नवी बीजे पुढे तयार होत नाहीत. हा साठा अंडाशयाच्या बाहेरील पातळ थरात असतो. कर्करोगावरील काही औषधे आणि ओटीपोटावर दिलेले किरणोपचार त्याचा नाश करतात. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलीवर अस्थिमज्जेचे रोपण करण्यापूर्वी जी तीव्र औषधे देतात, त्यांचाही हाच परिणाम होतो.

प्रौढ स्त्रीची बीजे गोठवून ठेवता येतात. पण त्यासाठी साधारण दहा ते चौदा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात. ज्या रुग्णाला तेवढा वेळ नाही किंवा जी मुलगी वयातच आलेली नाही, तिच्यासाठी तो मार्ग बंद असतो. अशा वेळी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढतात. त्याच्या बाहेरील थराच्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करून त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. तेथे त्या वर्षानुवर्षे टिकतात. पुढे रुग्ण बरी झाली आणि अपत्याची इच्छा झाली म्हणजे त्या पट्ट्या उरलेल्या अंडाशयावर किंवा त्याच्या जवळ बसवितात. ऊतीला रक्तपुरवठा सुरू होऊन सुमारे चार-पाच महिन्यांत तिचे कार्य पूर्ववत होऊ लागते.

बेल्जियममधील डॉ. जाक दोने यांच्या रुग्णालयात २००४ साली अशा पुनर्रोपणानंतर प्रथमच मूल जन्मल्याचे जाहीर झाले. त्या मातेची ऊती १९९७ मध्ये, हॉजकिन लिम्फोमावरील उपचारापूर्वी काढून ठेवलेली होती. २०१६ च्या डिसेंबरात लंडनमध्ये दुबईच्या एका मुस्लिम महिलेला मुलगा झाला. तिला लहानपणी थॅलेसेमिया होता. ती नऊ वर्षांची असताना, वयात येण्यापूर्वीच, इंग्लंडमधील लीड्स येथे तिचे अंडाशय काढून गोठविले होते. पुढे त्याची ऊती डेन्मार्कमध्ये तिच्या शरीरात पुन्हा बसविण्यात आली. २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या तज्ज्ञसंस्थेने हा उपचार आता प्रायोगिक मानू नये असे जाहीर केले.

तरीही हे यशाचे हमीपत्र नव्हे. पुनर्रोपण केलेल्या स्त्रियांपैकी साधारण तिघी-चौघींत एकीला अपत्यप्राप्ती होते. रक्ताच्या कर्करोगात ऊतीमध्ये रोगाच्या पेशी दडलेल्या असण्याची भीती असते, म्हणून ती परत बसविण्याबाबत डॉक्टर फार सावध असतात. थॅलेसेमिया हा कर्करोग नसल्याने तेथे ही भीती नसते.

तकदीर आणि उपचार

काही जण म्हणतात, मूल देणे न देणे अल्लाहच्या हाती आहे, मग हा खटाटोप कशाला? अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, आणि कोणाला निपुत्रिक ठेवतो, हे सूरह शूराच्या ४९ व ५० व्या आयतींत स्पष्ट आहे. मोमिनाचा यावर पूर्ण ईमान आहे. परंतु त्याच कुरआनात हजरत जकरिया (अ.) यांची दुआही आहे. वार्धक्य आले होते, पत्नी वंध्या होती, तरी त्यांनी अपत्य मागितले आणि अल्लाहने ते दिले. अपत्याची ओढ ही ईमानाची उणीव नाही. ती नबींच्याही अंतःकरणात होती.

औषधाने तकदीर टळते काय, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले गेले, तेव्हा औषध हेही तकदीरचाच भाग आहे, असे त्यांनी समजाविले. तिर्मिजीत ही हदीस आहे. उपचार करावा असा उपदेशही त्यांनी केला. आपल्या शाफई मसलकात उपचार घेणे मुस्तहब मानले जाते. म्हणून सामान्य परिस्थितीत जो हा मार्ग निवडतो तो तवक्कुलच्या विरुद्ध जात नाही, आणि जो निवडत नाही तो गुन्हेगार ठरत नाही.

स्वतःचा अंश स्वतःच्याच शरीरात

आता मूळ प्रश्न असा. जिवंत माणसाच्या शरीराचा भाग कापणे मुळात हराम आहे, कारण मानवी देह ही अल्लाहची अमानत आहे. मग स्वतःच्या भल्यासाठी स्वतःचा भाग कापता येतो काय? कोकणातील तालिबे-इल्म ज्या 'मिन्हाज'मधून शाफई फिक्ह शिकतात, त्यात इमाम नववी (रह.) यांनी याचे बीज ठेवले आहे. उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या माणसाला दुसरे काहीच मिळत नसेल, तर जीव वाचविण्यासाठी त्याने स्वतःच्याच शरीराचा भाग कापणे अधिक सही मतानुसार जायज आहे. अट अशी की कापण्यातील धोका न कापण्यातील धोक्यापेक्षा कमी असावा. मात्र दुसऱ्यासाठी स्वतःचा भाग कापणे, किंवा दुसऱ्या निरपराध माणसाचा भाग कापणे, तेथे हराम सांगितले आहे. स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठी यांतील ही रेषा लक्षात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्या दोन बाजूंवरच उभे आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. उपासमारीत जीव जातो, अपत्याअभावी जीव जात नाही. ती जरूरत, ही हाजत. मग दोहोंस एकच हुकूम कसा? याचे उत्तर जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या फेब्रुवारी १९८८ मधील, म्हणजे १४०८ हिजरीतील ठरावात सापडते. माणसाच्या शरीराच्या एका जागेचा भाग त्याच माणसाच्या दुसऱ्या जागी बसविणे तिने जायज ठरविले. अपेक्षित लाभ संभाव्य हानीपेक्षा अधिक असावा, ही अट घातली. हेतूंमध्ये केवळ जीव वाचविणे नव्हे, तर गमावलेला अवयव परत मिळविणे, त्याचे रूप किंवा नेहमीचे कार्य पूर्ववत करणे, आणि मानसिक वा शारीरिक त्रास देणारा दोष दूर करणे हेही समाविष्ट केले. औषधाने बंद पडलेल्या अंडाशयाचे कार्य त्याच स्त्रीच्या ऊतीने पुन्हा सुरू करणे याच चौकटीत बसते.

हदीसमध्येही याला आधार मिळतो. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे बसविण्यास सांगितले. पुरुषाला एरवी वर्ज्य असलेले सोने येथे वापरू दिले गेले. नाकावाचून त्यांचा जीव जात नव्हता, तरी त्यांच्या त्रासाची कदर झाली.

अल्लाहच्या निर्मितीत फेरफार केल्याचा दोषही येथे लागत नाही. निर्मिती विकृत करणे वेगळे आणि आजाराने हिरावलेले पूर्ववत करणे वेगळे. पाकीचा प्रश्नही उरत नाही. शाफई फिक्हनुसार जिवंत शरीरापासून वेगळ्या झालेल्या भागाचा हुकूम त्या प्राण्याच्या मृत शरीरासारखा असतो, आणि मानवी मृतदेह पाक आहे. म्हणून वर्षांनंतर परत बसविलेल्या ऊतीमुळे त्या स्त्रीच्या नमाजवर काही परिणाम होत नाही.

दुसरीचे अंडाशय

रेषेच्या दुसऱ्या बाजूचा प्रश्नही दूरचा नाही. मुंबईतील डॉ. प्रवीण म्हात्रे व सहकाऱ्यांनी टर्नर सिंड्रोम असलेल्या रुग्णात दुसऱ्या स्त्रीच्या अंडाशयाचे रोपण केल्याचे २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले आहे. बहीण बहिणीला मूत्रपिंड देते, मग अंडाशय का देऊ नये, असा सवाल कोणाच्याही मनात येईल.

फरक असा की मूत्रपिंड रक्त गाळते, आणि अंडाशय वंश वाहते. रोपण झाल्यावरही त्यातून निघणारे बीज देणाऱ्या स्त्रीचेच राहते. याच कारणास्तव उपरोक्त अकादमीने मार्च १९९० मध्ये, म्हणजे १४१० हिजरीत, दुसऱ्याचे अंडाशय किंवा वृषण बसविणे हराम ठरविले. बहिणीच्या बाबतीत तर बीज पत्नीच्या बहिणीचे आणि वीर्य पतीचे, असा संयोग होईल. दोन बहिणींना एका वेळी निकाहात ठेवणे सूरह निसाच्या २३ व्या आयतीने हराम केले आहे. तेथे हा संयोग शस्त्रक्रियेच्या आडून कसा चालेल? २००५ साली अमेरिकेत डॉ. शेरमन सिल्बर यांच्याकडे एका जुळ्या बहिणीची ऊती दुसरीला बसविल्यानंतर मूल जन्मले. त्या दोघींचे आनुवंशिक गुण एकच होते. तथापि, माझ्या मते तेथेही हुकूम बदलत नाही. शरीअतमध्ये नसब व्यक्तीशी जोडलेला असतो. जुळ्या असल्या तरी त्या दोन व्यक्ती आहेत आणि त्यांचे दोन निकाह आहेत.

हे तत्त्व नवे नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब पद्धतीची मुलगी जन्मली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अकादमीने अम्मान येथे या पद्धतीवर निर्णय दिला. तिने सात प्रकार तपासले. ज्या पाच प्रकारांत तिसऱ्या व्यक्तीचे बीज, वीर्य किंवा गर्भाशय येते, ते हराम ठरविले. उरलेल्या दोन प्रकारांत सर्व काही पती-पत्नीचेच असते, त्यांना गरजेपुरती अनुमती दिली. या कसोटीवर स्वतःच्या ऊतीचे पुनर्रोपण अधिक निर्धोक ठरते. पुनर्रोपणानंतर गर्भधारणा निकाहानंतर नैसर्गिकपणेही होऊ शकते. तसे झाल्यास प्रयोगशाळेत बीज बदलले जाण्याची शंकाही राहत नाही.

अविवाहित मुलगी आणि वलीचा अधिकार

निकाह झालेला नसताना हे करता येईल काय? येथे गोठविला जातो तो मुलीच्याच शरीराचा भाग. त्यात कोणा पुरुषाचा संबंध नाही, म्हणून निकाह ही काढण्याची अट असू शकत नाही. ती अट गर्भधारणेची आहे.

मुलगी अजाण असेल तर निर्णय कोणी घ्यावा? मुलाच्या शरीरावरील गाठ न कापण्यात अधिक धोका असेल तर ती कापण्याचा अधिकार पित्याला व आजोबांना आहे, असे 'मिन्हाज'मध्ये नमूद आहे. म्हणजे वलीचा अधिकार मुलीच्या हिताशी बांधलेला आहे, कुटुंबाच्या लौकिकाशी नाही. मुलगी समजण्याच्या वयाची असेल तर तिला सांगितल्याशिवाय, तिचे ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. लोकांना कळेल, स्थळे येणार नाहीत, या भीतीने नकार देणारा वली तिच्या अमानतीत कसूर करतो. आणि केवळ नातवंडाच्या हौसेने, डॉक्टरांनी धोका सांगितला असतानाही शस्त्रक्रियेचा आग्रह धरणारा वलीही तेच करतो.

मर्यादा

या अनुमतीबरोबर काही बंधने येतात. ती थोडक्यात अशी :

१. अंडाशय निकामी होण्याचा खरा धोका आहे, हे विश्वासू व जाणकार डॉक्टरांनी सांगितलेले असावे. निरोगी स्त्रीने केवळ लग्न किंवा मातृत्व लांबविण्यासाठी निरोगी अवयव कापून घेणे या अनुमतीत येत नाही.

२. या शस्त्रक्रियेमुळे मूळ उपचाराला घातक विलंब होता कामा नये. जिवाचे रक्षण आधी, वंशाचे नंतर.

३. शक्य असेल तेथे शस्त्रक्रिया स्त्री डॉक्टरांनी करावी. तशी सोय नसेल तर गरजेपुरतीच सतर उघडावी.

४. ऊती कोणाची आहे याची नोंद चोख असावी. ती कोणालाही देऊ किंवा विकू नये. रुग्ण मरण पावल्यास, किंवा तिला तिची गरज उरली नाही तर, ऊती नष्ट करावी, हे संमतीपत्रात आधीच लिहून द्यावे. परत मिळाल्यास ती दफन करणे उत्तम.

५. परत बसविण्यापूर्वी तिच्यात रोगाच्या पेशी नाहीत याची तपासणी करून घ्यावी. शंका असेल तर परत बसवू नये. स्वतःला हानी पोहोचविण्याची मुभा शरीअत देत नाही.

६. गर्भधारणा निकाह कायम असताना, पतीपासूनच व्हावी. तलाकची इद्दत संपल्यावर किंवा पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या साठविलेल्या वीर्याचा उपयोग करता येणार नाही.

निकाह ठरविताना

बरी झालेल्या मुलीच्या निकाहाची वेळ येते तेव्हा पालकांची कसोटी लागते. शाफई फिक्हनुसार वंध्यत्व हा निकाह फस्ख करण्याचा अधिकार देणारा दोष नाही. परंतु एका वंध्य पुरुषाने पत्नीला न सांगता निकाह केल्याचे कळले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्याला तिला सांगून तिला निवड देण्यास फर्माविले, असे नोंदविलेले आहे. म्हणून हे लपवू नये, आणि गावभर सांगूही नये. ज्याच्याशी निकाह ठरत आहे त्याला व त्याच्या जबाबदार वडीलधाऱ्याला खरी स्थिती सांगावी. ऐकणाऱ्याने ते आपल्यापाशीच ठेवावे, कारण विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत असते.

जमातींनीही आपला वाटा उचलावा. रुग्णाचे कुटुंब जकातीस पात्र असेल तर जकात त्यांच्या हाती द्यावी, उपचारासाठी ती कशी वापरायची हे त्यांनी ठरवावे. आणि एखाद्या घरात असे निदान झाले, तर कोणी तरी त्यांना पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्याची आठवण करून द्यावी : 'या औषधाने आमच्या मुलीच्या अंडाशयाचे काय होईल, आणि ते जपण्याचा काही मार्ग आहे काय?' हे विचारण्यात लाज नाही. विचारले नाही तर पंधरा वर्षांनी ती मुलगी आपल्याला विचारील, आणि तेव्हा देण्यासारखे उत्तर आपल्यापाशी नसेल.

अल्लाह सर्व आजारी मुलींना शिफा देवो, त्यांच्या आईवडिलांना सब्र आणि योग्य निर्णयाची बुद्धी देवो, आणि ज्यांना त्याने अपत्य दिले नाही त्यांची अंतःकरणे आपल्या रहमतने भरून टाको. आमीन. सर्व ज्ञान अल्लाहपाशीच आहे.